दोन आकडे कळले की चार कळतात



इस्त्री, पाणी तापविण्याची कांडी, विहिरीवरची मोटर, यांपैकी कोणतीही वस्तू घ्या. तिच्या अंगावर कोठेतरी एक लहानशी पाटी असते. वस्तू नवी असते तेव्हा ती पाटी कोणी वाचीत नाही, आणि वस्तू बिघडते तेव्हा ती वाचता येत नाही, कारण तोवर तिजवर गंज किंवा काजळी चढलेली असते. या पाटीवर व्होल्ट, अँपियर, वॅट हे शब्द आणि त्यांचे आकडे लिहिलेले असतात. निपाणीपासून खानापूरपर्यंत हे शब्द आज सर्वांच्या तोंडी आहेत. 'व्होल्टेज नाही', 'करंट मारतो', 'लोड जास्त झाला' ही वाक्ये ज्या घरात ऐकू येत नाहीत असे घर आम्हांस ठाऊक नाही. दूधगंगेच्या अलीकडे बिल कन्नडात येते आणि पलीकडे कागलात ते मराठीत येते. पण व्होल्ट आणि अँपियर दोन्हीकडे तेच राहतात. मात्र या शब्दांचे परस्परांशी नाते काय, असे विचारले की पुष्कळांची गाडी अडते. ते नाते आज उलगडावे असे आम्ही योजिले आहे. त्यातील गणित गुणाकार आणि भागाकार यांच्या फारसे पलीकडचे नाही. दहावीत शिकणाऱ्या मुलीला ते येते. ज्या घरी अशी मुलगी असेल तेथे तिनेच हे सदर वडील मंडळींस वाचून दाखवावे, आणि पाटी-पेन्सिल जवळ ठेवावी.

समजुतीसाठी गोकाकला जाऊ. घटप्रभेचे पाणी तेथे सुमारे १७० फूट खाली कोसळते, आणि या पाण्याच्या बळावर १८८७ साली तेथे वीज निर्माण केल्याची नोंद आहे. धबधब्याची उंची श्रावणात जितकी, तितकीच वैशाखात. तरीही श्रावणात त्याच्याजवळ उभे राहिले असता अंग थरथरते आणि वैशाखात त्याच कड्यावरून काही धारा तेवढ्या ओघळतात. म्हणजे पाण्याचे सामर्थ्य नुसत्या उंचीवर ठरत नाही. किती उंचीवरून पडते आणि दर क्षणाला किती पडते, या दोहोंचा गुणाकार म्हणजे त्याचे सामर्थ्य. विजेचेही असेच आहे. उंचीच्या जागी दाब घ्या. तो व्होल्टमध्ये मोजतात. पाण्याच्या ओघाच्या जागी प्रवाह घ्या. तो अँपियरमध्ये मोजतात. दोहोंचा गुणाकार केला की शक्ती मिळते. ती वॅटमध्ये मोजतात.

आता पाटाचे तोंड दगड लावून अरुंद केले तर मागे पाणी तेवढेच असूनही शेतात कमी पाणी येते. तारेतील या अडवणुकीला रोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. दाबाला प्रवाहाने भागिले की रोध मिळतो. हा नियम जॉर्ज सायमन ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली ग्रंथरूपाने मांडला. ओहम हा कुलपे करणाऱ्या कारागिराचा मुलगा. कोलोन शहरातील ज्या विद्यालयात तो शिकवीत असे ते पूर्वी येशूसंघीयांचे होते, आणि तेथील उपकरणांवर त्याने आपले प्रयोग केले. त्याच्या देशबांधवांनी प्रारंभी त्याची फारशी दखल घेतली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने मात्र १८४१ साली त्यास कॉप्ले पदक दिले. व्होल्टा इटलीचा, अँपियर फ्रान्सचा, वॅट स्कॉटलंडचा. चार देशांतील चार माणसे आज आपल्या एका इस्त्रीत शेजारी-शेजारी नांदत आहेत.

तेव्हा ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी दोनच: दाब भागिले प्रवाह म्हणजे रोध, आणि दाब गुणिले प्रवाह म्हणजे शक्ती. दाब आणि प्रवाह हे दोन आकडे हाती आले की उरलेले दोन आपोआप मिळतात. खरे पाहता चारांपैकी कोणतेही दोन पुरतात.

परंतु प्रवाह मोजावा कसा? वायरमनजवळ तारेभोवती धरावयाचा चिमट्यासारखा मीटर असतो. तो प्रत्येक घरी असणार नाही. घरातील विजेचा मीटर मात्र असतो. नव्या मीटरवर एक तांबडा दिवा लुकलुकतो, आणि एका युनिटाला तो किती वेळा लुकलुकतो हेही मीटरवरच छापलेले असते. कोठे तो आकडा ३२०० असतो, कोठे १६००. आपल्या मीटरवरचा वाचून घ्यावा. घरातील सर्व दिवे, पंखे, फ्रिज बंद करून केवळ पाणी तापविण्याची कांडी चालू ठेवावी आणि घड्याळ लावून एका मिनिटात दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजावे. समजा, ३२०० च्या मीटरवर ६० वेळा लुकलुकला. तासाला ३६०० वेळा झाला. ३६०० ला ३२०० ने भागिले की १.१२५ युनिट येतात. युनिट म्हणजे १००० वॅट शक्तीची वस्तू एक तास चालणे. म्हणून आपली कांडी ११२५ वॅटची ठरली. दाब २३० व्होल्ट असेल तर ११२५ भागिले २३०, म्हणजे प्रवाह सुमारे ४.९ अँपियर, आणि २३० भागिले ४.९, म्हणजे रोध सुमारे ४७ ओहम. एका मिनिटाच्या मोजणीत सर्व काही हाती आले. दाबाचा आकडा काही मीटरांच्या पडद्यावर आळीपाळीने उमटतो. तो दिसत असेल तर २३० न धरता तोच धरावा.

हा ४७ ओहमचा आकडा मोलाचा आहे, कारण कांडी तीच असेपर्यंत तो फारसा बदलत नाही. दाब बदलतो, प्रवाह बदलतो. रोध मात्र वस्तूच्या अंगचा असतो. (जुन्या पिवळ्या बल्बाला हे लागू नाही. १०० वॅटच्या पेटलेल्या बल्बाचा रोध ५२९ ओहम येतो, पण तोच बल्ब थंड असताना मोजला तर त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास भरतो, कारण तापलेली तार प्रवाहास अधिक अडविते. असे बल्ब जळताना नव्हे, तर बटण दाबताच फुटत, हे वाचकांस आठवत असेल. त्या क्षणी थंड तारेतून दसपट प्रवाह धावे.)

उन्हाळ्यात, उसाच्या मोटरी एकदम सुरू होतात तेव्हा, संध्याकाळी खेड्यात दाब उतरतो. एका शेतकऱ्याने आम्हांस विचारले, "व्होल्टेज कमी तर बिल बी कमी यायला पाहिजे की वो, फादर?" प्रश्न रास्त आहे. समजा दाब १८० व्होल्टवर आला. १८० भागिले ४७, म्हणजे प्रवाह ३.८३ अँपियर, १८० गुणिले ३.८३, म्हणजे शक्ती सुमारे ६८९ वॅट. दाब शेकडा २२ ने उतरला, पण शक्ती शेकडा ३९ ने घसरली. कारण दाब उतरताच प्रवाहही उतरतो, आणि शक्ती दोहोंचा गुणाकार असल्यामुळे तिला दुहेरी फटका बसतो. वीस लिटरची बादली तीस अंशांनी तापवावयाची तर सुमारे ०.७ युनिट लागतात. पूर्ण दाबावर हे काम ३७ मिनिटांत उरकते. १८० व्होल्टवर त्यास तासाहून किंचित अधिक लागतो. युनिट तेवढेच पडतात, किंबहुना थोडे अधिकच, कारण रेंगाळत तापणारे पाणी मधल्या वेळात निवतही असते. बिल कमी होत नाही. पोरांची शाळा तेवढी चुकते.

बिलाचा विषय निघाला म्हणून सांगतो. कर्नाटक शासनाने २०२३ साली गृहज्योती योजना सुरू केली. तिच्यात प्रारंभी घराच्या मागील सरासरी वापरावर शेकडा १० अधिक धरून मोफत युनिट ठरविले गेले. पण महिन्याचा वापर २०० युनिटांच्या वर गेला की त्या महिन्याचे सगळेच बिल भरावे लागते. रोज सकाळी तीन बादल्या तापविणाऱ्या घराचे महिन्याला ६३ युनिट केवळ अंघोळीला जातात. नाताळच्या सुमारास, थंडी पडलेली असते आणि मुंबई-पुण्याची मंडळी घरी आलेली असतात, तेव्हा २०० ची वेस कशी ओलांडली जाते हे आता सांगावयास नको. घरातील माय-भगिनींनी महिन्याच्या मध्यावर मीटर वाचून हा हिशेब मांडावा. तो पुरुषांपेक्षा त्यांस अधिक चोख जमतो असा आमचा अनुभव आहे.

मोटरीचा न्याय मात्र निराळा. तिला पाणी वर चढविण्याचे काम दिलेले असते, आणि दाब उतरला तरी ती ते काम सोडीत नाही; दाबाची तूट प्रवाह वाढवून भरून काढते. पाच अश्वशक्तीच्या तीन फेजच्या मोटरीच्या पाटीवर ४१५ व्होल्ट आणि ७.५ अँपियर असे आकडे असतील असे धरू. येथे नुसता गुणाकार पुरत नाही. तीन फेज असल्यामुळे १.७३ ने गुणावे लागते, आणि मोटरीत दाब व प्रवाह यांची पावले बरोबर जुळत नाहीत म्हणून आणखी एका आकड्याने गुणावे लागते, त्यास शक्तिगुणक म्हणतात. तो ०.८५ असेल तर उत्तर ४५८० वॅटच्या आसपास येते. पाच अश्वशक्ती म्हणजे ३७३० वॅट. उरलेले साडेआठशे वॅट मोटरीच्या पोटात उष्णता होऊन राहतात.

आता दाब उतरून प्रवाह ७.५ चा १० अँपियर झाला तर काय होईल? तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते: प्रवाह गुणिले प्रवाह गुणिले रोध. १० भागिले ७.५ म्हणजे १.३३, त्याचा वर्ग १.७८, म्हणजे वेटोळ्यांतील उष्णता पावणेदोन पटीच्या वर गेली. एखादा फेज गेला असता उरलेल्या दोहोंवर मोटर तशीच ओढीत राहिली तर प्रवाह सुमारे १.७३ पट आणि उष्णता तिप्पट होते. रात्री पाणी सोडून शेतकरी झोपतो आणि पहाटे मोटरीतून जळका वास येतो, त्याचे कारण हेच. स्टार्टरमधील जास्त प्रवाहाचा कटाव पाटीवरच्या अँपियरला जुळवून ठेवला तर तो मोटर वेळीच बंद करतो. पण 'सारखी ट्रिप होते' म्हणून तोच कटाव वर सरकविणारे किंवा तार जोडून निकामी करणारे लोक आम्ही पाहिले आहेत. चौकीदार भुंकतो म्हणून त्याचे तोंड बांधण्यापैकीच हे आहे. वेटोळी पुन्हा भरून घेण्याचा खर्च, आणि ऐन पाळीत उसाचे पाणी हुकल्याचे नुकसान, हे दोन्ही मग घरधन्यावर पडतात.

यापुढची गोष्ट वाचकांनी विशेष लक्ष देऊन वाचावी. ३००० वॅटच्या गिझरमधून २३० व्होल्टवर १३ अँपियर प्रवाह वाहतो. त्यास १६ अँपियरची मोठी पिन आणि जाड तार लागते. पुष्कळ घरी तो ६ अँपियरच्या लहान बोर्डावर जोड-पिन लावून चालविला जातो; पिन सैल असते, तार पिळून चिकटपट्टी गुंडाळलेली असते. अशा सैल सांध्याचा रोध अर्धा ओहम धरू. अर्धा ओहम म्हणजे काहीच नव्हे असे वाटते. पण हिशेब करा: १३ गुणिले १३ म्हणजे १६९, त्याचे अर्धे साडेचौऱ्यांशी. हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या जागेत साडेचौऱ्यांशी वॅट उष्णता! रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे डाग देण्याचे लोखंड २५ वॅटचे असते आणि ते कथील वितळविते. त्याच्या तिपटीहून अधिक आच त्या प्लास्टिकच्या बोर्डाच्या पोटात, पडद्याशेजारी किंवा गवती छपराखाली, अर्धा-अर्धा तास धुमसत असते. आणि फ्यूज उडत नाही, कारण प्रवाह तर १३ च आहे. फ्यूजच्या दृष्टीने सर्व काही सुरळीत चालले आहे. आमच्या ओळखीच्या एका घरी असा बोर्ड पेटून भिंतीवरील कपडे जळाले. दिवसाची वेळ होती आणि घरात माणसे जागी होती म्हणून निभावले. बोर्डाला हात लावता तो गरम लागत असेल, पांढरे प्लास्टिक पिवळे-तपकिरी पडत असेल किंवा पिनेतून चरचर ऐकू येत असेल, तर तेथे रोध वाढला आहे असे खुशाल समजावे आणि ती पिन त्याच दिवशी बदलावी.

जुन्या कटआउटमध्ये फ्यूजची बारीक तार वारंवार जळते म्हणून तेथे तांब्याच्या जाड तारेचा पीळ घालणारे महाभाग आहेत. मग वितळावयाचे काम फ्यूजऐवजी भिंतीतील तारेकडे जाते.

आता मनुष्यदेहाचा हिशेब. कोरड्या, राठ हाताचा रोध पुष्कळ हजार ओहम असतो. म्हणून कोणाला नुसती झिणझिणी येते आणि तो बढाई मारतो की आपल्याला करंट लागत नाही. घामेजलेल्या किंवा पाण्याने भिजलेल्या देहाचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरतो. २३० भागिले १०००, म्हणजे ०.२३ अँपियर. हृदयाची लय बिघडून जीव जाण्यास याच्या निम्म्याहूनही कमी प्रवाह पुरतो. चाळीस वॅटच्या जुन्या बल्बातून ०.१७ अँपियर वाहत असे. एवढ्याशा दिव्यापुरती वीज माणसास मारावयास पुरेशी आहे. माणूस तोच, तार तीच. भाद्रपदातील ओल्या चिखलात अनवाणी उभा असेल तर मरतो. रानडुकरे उसात शिरू नयेत म्हणून कुंपणाच्या तारेत घरची वीज थेट सोडणाऱ्यांनी हा भागाकार करून पाहावा. तो कायद्याने गुन्हा आहे, आणि त्या तारेला पहिला हात डुकराचा लागेल की गवत कापावयास आलेल्या शेजाऱ्याच्या मुलाचा, हे कोणी सांगावे? कुंपणासाठी क्षणभराचे, मोजके झटके देणारी यंत्रे विकत मिळतात. त्यांची गोष्ट वेगळी.

अखेर अर्थिंगविषयी, कारण आमच्या भागात तेच सर्वांत उपेक्षित आहे. फ्रिजच्या किंवा मोटरीच्या पत्र्यात वीज उतरली तर ती जमिनीत निघून जावी आणि जाताना फ्यूज उडवावी, यासाठी अर्थिंगचा खड्डा असतो. त्या खड्ड्याचा रोध ५ ओहम असेल तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपियर वाहतात आणि १६ अँपियरचा फ्यूज तडकन उडतो. रोध ५० ओहम झाला तर केवळ ४.६ अँपियर वाहतात. फ्यूज जागचा हलत नाही. पत्र्यात वीज तशीच राहते, आणि घरातील कोणीतरी ओल्या हाताने फ्रिजचे दार उघडते. निपाणी-चिकोडीच्या काळ्या जमिनीत ओल टिकते, पण चैत्र-वैशाखात तीही भेगाळते आणि खड्ड्यातील सळई मातीपासून सुटी होते. खानापूरच्या बाजूस जांभ्याचा खडक आहे. तेथे दोन फुटांवर सळई टेकवून वायरमन निघून गेला तर त्या अर्थिंगचा उपयोग बोर्डावरच्या तिसऱ्या भोकापुरताच. सळई खोल, ओल लागेपर्यंत गेली पाहिजे. भोवती कोळसा आणि मीठ भरले पाहिजे. आणि फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत आठवड्यातून एकदा दोन बादल्या पाणी खड्ड्यात ओतले पाहिजे. कपडे धुतलेले पाणीही चालेल. याशिवाय मीटरशेजारी आरसीसीबी नावाचे कटावाचे यंत्र बसवून घ्यावे. घरात गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांत ०.०३ अँपियरचा फरक पडताच ते निमिषात वीज तोडते, खड्डा कोरडा असला तरीही. त्यावर एक लहान बटण असते; ते महिन्यातून एकदा दाबावे. दाबताच घरातील वीज गेली तर यंत्र शाबूत आहे. न गेली तर वायरमनला त्याच दिवशी बोलवावे.